पवईच्या सौर केंद्राने नवा सेल शोधावा, की आपल्या छतांवरची पॅनेल तपासावीत?

वर्धेचा_फिटर

वर्धा-यवतमाळ भागात छतावरच्या सौर संचांची देखभाल करतो, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. आयआयटी मुंबईच्या पवईतल्या आवारात एनसीपीआरई हे सौरविजेचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, त्याच वर्षी केंद्रीय मंत्रालयाच्या पैशातून ते उभं राहिलं. पेपरात त्याचं नाव येतं ते बहुतेकदा नव्या सेलच्या, म्हणजे पॅनेलमध्ये प्रत्यक्ष वीज तयार करणाऱ्या तुकड्याच्या, कार्यक्षमतेमुळे. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच आहे. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेला सोबत घेऊन त्यांनी २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर फिरून, बसवून झालेली पॅनेल जागेवर मोजली. त्यातून दिसलं ते असं: उष्ण पट्ट्यातली पॅनेल थंड पट्ट्यातल्यांपेक्षा लवकर उतरतात, म्हणजे कमी वीज देऊ लागतात, आणि छतावरचे छोटे संच मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट अवस्थेत असतात.

पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. मे महिन्यात आमच्याकडे स्लॅबवरचं पॅनेल सहज ६५ अंशांना पोचतं. सिलिकॉन सेल दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज गमावतो. म्हणजे ऐन दुपारी १६ टक्के गेलेच, आणि कायमची झीज त्याहून वेगळी. हे आपल्या उन्हात उभं राहून मोजायला परदेशातली प्रयोगशाळा येणार नाही, विकणारा तर नाहीच. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांवर पॅनेल चढवायची आहेत. त्यांचं असंच मोजमाप नियमाने व्हावं आणि निकाल मराठीतून ग्राहकाच्या हातात पडावा, एवढी माझी मागणी आहे.

अर्थकारण_पुणे

फिटरभाऊ, तुमची तळमळ कळते, पण मागणी पटत नाही. पॅनेल स्वस्त झाली ती चीनने प्रचंड कारखाने उभारले म्हणून. पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून पॅनेलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. दुसऱ्याच्या सेलची झीज मोजत बसणं हे राष्ट्रीय केंद्राचं मुख्य काम कसं असेल?

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने १९८०च्या दशकात पर्क नावाचा जास्त कार्यक्षम सेल घडवला. पुढे जगातली बहुतेक पॅनेल त्याच रचनेची निघाली. पण ती बनली चीनमध्ये. सनटेक ही चिनी पॅनेल कंपनी काढणारे शी झेंगरोंग ग्रीन यांचेच विद्यार्थी होते. शोध, माणसं, सगळं होतं, पण शेजारी कारखाना नव्हता. पवईला पैसा द्यायचा तर सेल बनवण्याच्या चाचणी उत्पादनासाठी द्या, आणि कारखान्यात उभे राहू शकतील असे इंजिनिअर तिथून बाहेर पडू द्या.

माजी_पवईकर

मी याच क्षेत्रात शिकले आहे, म्हणून दोघांनाही थोडं अडवते. तपासणी म्हणजे नुसती मोजदाद नव्हे. अंधार पडल्यावर पॅनेललाच बाहेरून वीज देतात. मग सेल डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि खास कॅमेऱ्यात तो टिपता येतो. चांगला सेल उजळ दिसतो, तडा गेलेला भाग काळा. दिवसा जे पॅनेल काचेसारखं स्वच्छ दिसतं, त्यात रात्री झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेषा उमटतात. खडबडीत रस्त्यावरची वाहतूक, बसवताना पॅनेलवर दिलेला पाय, हे सगळं त्या फोटोत सापडतं.

आणि नवा सेल इथल्या हवेत टिकायलाही हवा. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या नव्या पदार्थाचा थर देऊन टँडम, म्हणजे दुहेरी थराचा, सेल करण्याचं काम पवईतही चालू आहे. पेरोव्हस्काइटचे दोन मोठे शत्रू म्हणजे ओलावा आणि उष्णता. मुंबईचा पावसाळा आणि विदर्भाचा उन्हाळा यातून तो पार पडला, तरच त्या कार्यक्षमतेला अर्थ. ज्यांना जुनी पॅनेल कशी मरतात हे ठाऊक आहे, तेच नवा सेल नीट घडवतील.

माणदेशी_शेतकरी

माझ्या विहिरीवर सौर पंप आहे. पहिल्या वर्षी दुपारी जेवढं पाणी पडायचं तेवढं आता पडत नाही. पंप थकला, पॅनेल उतरलं की विहिरीची पातळी गेली, कुणी सांगत नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, धूळ पुसा. बोअरच्या खाऱ्या पाण्याने पुसलं तर काचेवर पांढरे डाग धरतात, हे सांगायला कुणी आलं नव्हतं. कागदावर पॅनेलची हमी २५ वर्षांची आहे. पण वीज कमी झाली हे सिद्ध मी कशाने करायचं? पुणेकर साहेब, सेल आपला की चीनचा, हा माझ्या दृष्टीने नंतरचा प्रश्न आहे.

वर्धेचा_फिटर

दादा, माझं दुखणं हेच आहे. मोजण्याचं साधन नसेल तर हमी कागदावरच राहते. प्रत्येक जिल्ह्यात एका तंत्रनिकेतनात पॅनेलचा विद्युतदाब आणि प्रवाह मोजून आलेख काढणारं यंत्र ठेवा, तिथल्या शिक्षकांना पवईने तयार करावं. प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण वर्ग केंद्राने घेतलेलेच आहेत.

पुणेकर साहेब, डेन्मार्कमध्ये काय घडलं ते बघा. रिसो ही तिथली तेव्हाची अणुसंशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा. १९७८ मध्ये तिथे छोट्या पवनचक्क्यांची चाचणी सुरू झाली, आणि रिसोने पास केलेल्या चक्कीलाच अनुदान मिळू लागलं. लोहार-सुतारांच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या चक्क्या त्या चाचणीमुळे भरवशाच्या झाल्या. आपल्याकडेही तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान जातंच आहे. ते टिकाऊपणाशी का जोडू नये?

अर्थकारण_पुणे

डेन्मार्कचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. चक्की बनवणारा त्याच देशात होता. पातं तुटलं की कारण रिसोकडून थेट त्याच्या वर्कशॉपमध्ये जायचं आणि पुढची चक्की सुधारायची. आपल्या मोजणीतून निघालेली सुधारणा कुणाच्या कारखान्यात जाणार? शिवाय जिल्हावार तपासणी हे रोजचं सेवेचं काम आहे. ते संशोधकांच्या गळ्यात मारलं तर संशोधनही बुडेल आणि सेवाही धड होणार नाही. शेतकरीदादांची अडचण खरी आहे, पण ती ग्राहक-संरक्षणाची आहे.

माजी_पवईकर

पॅनेल जोडणारे कारखाने आता गुजरात-तमिळनाडूत उभे आहेत, आणि सरकारी प्रकल्पांना मान्यताप्राप्त मॉडेलांच्या यादीतलंच पॅनेल घ्यावं लागतं. त्यामुळे सुधारणा जायला पत्ता आहे. सेल बाहेरचा असला, तरी काचेखालचं आवरण, मागचा पत्रा, जोडणी, पॅकिंग हे इथेच ठरतं, आणि बरीच झीज तिथूनच सुरू होते. जिल्ह्याची तपासणी जिल्ह्यानेच करावी, हे मलाही मान्य. पवईने पद्धत ठरवावी आणि आलेल्या आकड्यांचा अर्थ लावावा.

अर्थकारण_पुणे

ती यादी कारखाना बघून आणि कागदपत्रं तपासून बनते. माणदेशात पाच वर्षं उन्हात राहिलेल्या पॅनेलचा निकाल वाईट आला, तर ते मॉडेल यादीतून निघेल का? तसा नियम करायला मंत्रालय तयार असेल, तर तुमच्या तपासणीच्या खर्चाला माझा पाठिंबा. नसेल, तर तोच पैसा सेलच्या चाचणी उत्पादनाकडे वळवा.

माणदेशी_शेतकरी

नियम होईल तेव्हा होईल. माझ्या पॅनेलच्या मागचा स्टिकर उन्हाने पुसट होत चाललाय, त्याचा फोटो आज काढून ठेवतो. फिटरभाऊ, त्यातला कोणता नंबर महत्त्वाचा, तेवढं इथे लिहा.