अनुदानाच्या याद्या: नावं फक्त आमचीच का?

कोरडवाहू: काल इथे एकाने लिहिलं, ‘अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं नाव आणि रक्कम चावडीवर लावा, चोर आपोआप सापडतील.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पीएम-किसानची गावनिहाय यादी आजही कोणीही उघडून बघतं. वर्षाला ६,००० रुपये, तेही तीन हप्त्यांत. युरियाचं अनुदान मात्र थेट खत कंपन्यांना जातं, गोणी घेताना अंगठा तेवढा माझा. कुठल्या कंपनीला किती गेलं, हे कधी चावडीवर वाचलंय? कर्जमाफीच्या यादीत वडिलांचं नाव लागलं, तेव्हापासून पारावर ते ‘माफीवाले’ झाले. त्यांनी पारावर बसणंच सोडलं.

गटनंबर_११२: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण यादीच नसती तर? २००८च्या कर्जमाफीत अपात्र लोकांनाही लाभ मिळाल्याचं कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, २०१३ साली दाखवून दिलं. आमच्याकडे प्राप्तिकर भरणारा, म्हणजे अपात्रच, एक नोकरदार बिनदिक्कत पीएम-किसानचे हप्ते उचलत होता. यादीत नाव दिसलं म्हणून मी तक्रार केली, मग त्याने पैसे परत भरले. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्येच आहे, अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपणहून जाहीर करायचा. हा उपकार नाही, कायदा आहे.

कोरडवाहू: कायदा मलाही वाचता येतो. युरोपातल्या न्यायालयाने २०१० मध्ये शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावं सरसकट छापणं रद्द केलं. २०१३च्या नियमाने नावं परत आली, पण अगदी छोट्या रकमा घेणाऱ्यांची झाकूनच. एवढंच मागतोय मी.

खंडकरीण: तुम्ही दोघं यादीत असलेल्यांवरून भांडताय. मी सहा एकर खंडाने, म्हणजे मालकाला ठरलेला मोबदला देऊन, कसते. सातबारा मालकाचा, तो शहरात, हप्ता त्याच्या खात्यात. माझं नाव ना यादीत, ना कागदावर. झाकायला तरी नाव हवं ना!

गटनंबर_११२: खंडाचा करार लेखी करा मग.

खंडकरीण: कोण करून देतं?

वडिलोपार्जित: मी देत नाही, स्पष्टच सांगतो. आजोबांची बारा एकर कूळकायद्यात कसणाऱ्या कुळाकडे गेली. कागद केला की कूळ लागतं, ही धास्ती आमच्या घरातून अजून गेलेली नाही. जमीन माझी, तर हप्ता माझा.

खंडकरीण: आजोबांच्या जमिनीची शिक्षा मला का? गारपिटीत हरभरा झोपला तेव्हा पंचनाम्याला बांधावर मी उभी होते. भरपाई मालकाला.

कोरडवाहू: मूळ मुद्दा यादीचा होता.

खंडकरीण: हाच यादीचा मुद्दा आहे! खोटं नाव शोधायला सगळे धावता, न लागलेलं नाव कोण शोधणार?

कोरडवाहू: बरं, एवढं मान्य. यादी राहू द्या, पण कसणाऱ्याच्या नावाचा रकाना घाला आणि कंपन्यांचे आकडेही शेजारीच लावा. पारावरच्या वाचनाला माझा विरोध कायम.

वडिलोपार्जित: सगळे मालक सारखे नसतात. गेल्या वर्षी आलेल्या भरपाईतली अर्धी मी वाटेकऱ्याला दिली.

खंडकरीण: बी कोणाचं होतं? खत कोणाचं?

वडिलोपार्जित: त्याचं.

खंडकरीण: मग अर्धी का?