जहाज सोडून न जाणारी माणसं : अनुभव धागा

अंतराळयानांच्या मालिका आपल्याकडे बरेच जण बघतात. सोबत्यांसाठी कुणी जीव पणाला लावला, असा कुठला प्रसंग तुमच्या डोक्यातून जात नाही? घरात होडी-ट्रॉलर असलेल्यांनी जरूर लिहा. कथानकं फुटणार आहेत, आधीच सांगते.

मिरकरवाडा, रत्नागिरी
मीच सुरुवात करते. 'फायरफ्लाय' (२००२) या अमेरिकन अंतराळ मालिकेतला 'आउट ऑफ गॅस' हा एपिसोड. इंजिनातला एक भाग उडतो, आग लागते, यानावरची हवा संपत येते. कॅप्टन माल सगळ्यांना दोन शटलमध्ये बसवून विरुद्ध दिशांना धाडतो आणि स्वतः मागे राहतो. वाटेत आलेल्या अनोळखी जहाजाकडून तो भाग मिळतो खरा, पण सोबत पोटात गोळीही. तशाच अवस्थेत तो भाग बसवतो आणि शटलना परत बोलवायचं बटण दाबण्याआधी कोसळतो. शुद्धीवर येतो तर सगळी उशाशी. त्याची दुय्यम अधिकारी झोई हुकूम मोडून आधीच माघारी फिरलेली असते.

माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी असताना त्यांना हा एपिसोड दाखवला. मला रडू येत होतं आणि ते चिडलेले! "एवढ्या लांब निघाला नि जादाचा पार्ट नाय घेतला?" गंमत म्हणजे यानावरच्या मेकॅनिक केलीनं त्या पार्टबद्दल आधीच बजावलेलं असतं. ते सांगितल्यावर बाबा होडीमालकांवर घसरले, ते लिहीत नाही.

झोईचं मात्र त्यांना पटलं. फयान वादळात, नोव्हेंबर २००९ मध्ये, वायरलेसवर सगळे "खाडीत शिरा, खाडीत शिरा" ओरडत असताना ते इंजिन बंद पडलेल्या एका होडीला दोर लावून ओढत होते. दोर सोड, असं त्या होडीचा तांडेलच सांगत होता. बाबांनी ऐकलं नाही. आईला हे कितीतरी वर्षांनी कळलं.

दापोली
'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकचं मरण सगळे लिहितील (१९८२ चा सिनेमा). मला त्याच्या पुढचा सिनेमा जास्त भिडतो. त्याला परत आणायला त्याचा मित्र कर्क आणि मंडळी स्वतःचंच यान, एंटरप्राइज, चोरतात आणि शेवटी ते उडवूनही देतात. नोकरी, हुद्दा, जहाज, सगळं गेलं. एका क्षणात जीव देण्यापेक्षा हे कठीण वाटतं मला.

मालवण
माका ह्या सगळा इतक्या गोड वाटत नाय. १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये लाल शर्टवाले, म्हणजे साधे कर्मचारी, ग्रहावर उतरतात आणि मरतात. पुढच्या भागात त्यांचं नाव कोण काढतो? आमच्या बंदरावर नेपाळचे, कर्नाटकातले खलाशी आहेत. होडी बुडाली की बातमीत मालकाचं नाव छापतात, बाकी नुसते 'खलाशी'. निष्ठा कॅप्टनची मोजायची आणि जीव यांचा, असा हिशोब दिसतो.

देवगड
आपली हिंदी अंतराळ मालिका 'कॅप्टन व्योम' कुणालाच आठवत नाही का? मिलिंद सोमण! त्यातली निष्ठा वगैरे काही लक्षात नाही, पोशाख तेवढे आहेत.

वेंगुर्ले
मालवणकरांसाठी लिहितो. 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेत, 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये, यानावरची अधिकारी टाशा यार पहिल्याच पर्वात फुकट मरते, एक दुष्ट प्राणी तिला सहज मारून टाकतो. मग १९९० च्या 'यस्टरडेज एंटरप्राइज' या भागात काळाची उलथापालथ होते आणि ती जिवंत दिसते. खऱ्या काळात आपण निरर्थक मेलो, हे तिला यानावरच्या गायनन नावाच्या बाईकडून कळतं. तेव्हा ती भूतकाळातून आलेल्या जुन्या एंटरप्राइजवर बदली मागून घेते. ते जहाज क्लिंगॉन या परग्रहवासी लोकांची वसाहत वाचवायला रोम्युलन या दुसऱ्या परग्रहवासी लोकांशी लढत होतं. तिथं परत जायचं म्हणजे मरायचं, हे सगळ्यांना ठाऊक. बदली मिळते, कारण ती स्वतः आपल्या यानाच्या कॅप्टन पिकार्डसमोर उभी राहून मागते. तुमच्या लाल शर्टवाल्यांना असं कुणी विचारलं नव्हतं, एवढं मान्य.

मालवण
टाशा अधिकारी होती हो. खलाशाचा बोला.