फिल्टर आहे म्हणून नदी कशीही ठेवायची का?

लकडगंजकर

काल इथेच एका सदस्याने लिहिलं: "नागपूरला पेंच आहे, शुद्धीकरण केंद्रं आहेत, नळाला पाणी चांगलं येतं. पाणीस्रोत संरक्षणाचं विभागीय धोरण म्हणजे आणखी एक परवाना आणि आणखी एक टेबल. उद्योग आधीच इकडे यायला तयार नाहीत." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

"नागपूरला पेंच आहे" हे वाक्य पश्चिमेकडच्या धरमपेठेत बसूनच लिहिता येतं. तुमचं पेंच प्रकल्पाचं पाणी तोतलाडोह धरणातून नवेगाव खैरीला येतं आणि तिथून गोरेवाड्याला. धरणाच्या अंगाला व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. तिथे वीज केंद्राच्या राखेचा तलाव बांधायला कोण जाणार? म्हणजे तुमच्या स्रोताला संरक्षण आहेच, फक्त ते वाघाच्या नावावर आहे. आम्ही लकडगंज, सतरंजीपुरा, आसीनगरवाले कन्हान नदीचं पितो. ती छिंदवाड्याकडून येते, खापा-पारशिवनी करत कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातून, औष्णिक वीज केंद्रांच्या शेजारून. बिना संगमावर तिला कोलार नदी मिळते.

जुलै २०२२ आठवतो का? खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. कोराडी वीज केंद्राची राख कोलारमध्ये, कोलारमधून कन्हानमध्ये, आणि तिथून आमच्या शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं माप) आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. राखेचा गाळ समोर आल्यावर तुरटी टाकून टाकून किती टाकणार? पाणीपुरवठ्यावर परिणाम झाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर आला की लोक पायऱ्यांवरून घागरी घेऊन धावायचे आणि तुमच्याकडे गाड्या धुणं चालू होतं. मी स्वतः बघितलंय, रामनगरात बहीण राहते.

आणि फिल्टर म्हणजे काय जादू नाही. तुरटीने गाळ बसतो, वाळूने गाळलं जातं, क्लोरीनने जंतू मरतात. विरघळलेलं नायट्रेट, फ्लोराइड यातून बहुतेक तसंच पुढे जातं. म्हणून ते मुळात पाण्यात येऊच द्यायचं नसतं.

महाराष्ट्रात नदी नियमन क्षेत्र धोरण होतं. २००० साली आलं, २००९ ला सुधारलं. नदीच्या वर्गवारीप्रमाणे कुठला उद्योग काठापासून किती लांब, हे त्यात ठरलेलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने ते रद्द केलं. त्या जागी नदीकाठासाठी तसं काही आलं का? मी म्हणतो, निदान पिण्याचं पाणी जिथून उचलतो त्याच्या वरच्या अंगाला एक पट्टा आखा. तिथे नवा राखेचा तलाव नाही, कोळशाचा डेपो नाही. बंधारा फुटला तर खालच्या केंद्राला काही तासांत कळवणं बंधनकारक. आणि हा पट्टा मनपाच्या हद्दीने नाही, नदीच्या खोऱ्याने ठरवा. यात कुठलं टेबल आलं?

धरमपेठी तर्री

मीच तो कालचा. माझं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

१) महाराष्ट्राचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा, देशाच्या कायद्याच्या पाच वर्षं आधीचा. १९७० पासून प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. कमी काय पडलं? धोरण की अंमलबजावणी? जो कायदा पाळत नाहीत त्याच्यावर दुसरा कायदा ठेवला तर पहिला पाळला जातो का?

२) हिंगण्यात माझं छोटं युनिट होतं. सांडपाणी म्हणाल तर फरशी धुतलेलं. परवानगीच्या नूतनीकरणासाठी एका कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की शेवटी चहावाला मला उधारीवर चहा द्यायला लागला. राखेचे डोंगर घालणाऱ्याला कोणी हात लावत नाही, धोरण आलं की पहिली नोटीस माझ्यासारख्याला. हा तुमच्या पट्ट्याचा खरा अर्थ.

३) पूर्व-पश्चिम करू नका. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह आटला तेव्हा आम्हीपण दिवसाआड पाणी भरलं.

४) नदी घाण झाली म्हणून गळा काढायचा तर आधी शहरातले गोठे बाहेर काढा. शेण सरळ नाल्यात. त्यावर तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये एक ओळ नाही.

गवळीपुरा

आला का मुद्द्यावर! नागपुरात काहीबी झालं की गोठा.

तर्रीभाऊ, तुमच्या लेआउटच्या जागी आमच्या आज्याच्या म्हशी चरत होत्या. तुमी मागून आले, फ्लॅट बांधले आन् आता वास येते म्हून अर्ज देऊन राहिले. सकाळी सहाला दूध पाहिजे ना गरम? थे काय टाकीतून येते?

शेण नाल्यात जाते, मी नाही म्हणत नाही. पन काहून जाते? पहिले शेतकरी बैलबंडी घेऊन न्यायला यायचा. आता येत नाही, युरियाची गोणी सोपी पडते. गोवऱ्या थापायला जागा नाही. गोबरगॅस लावतो म्हटलं तर जागा आपल्या नावावर नाही म्हून सांगतेत. शहराबाहेर जागा देतो, जागा देतो, हे मी लहानपणापासून ऐकून राहिलो. जागा दाखवा, उद्या म्हशी हाकलतो.

महालची ताई

गवळीपुरा, बैलबंडीचं ठीक आहे, पण आमच्या वाड्यामागे एक गोठा आहे. पहिल्या पावसात तिथलं सगळं गल्लीतून वाहतं आणि विहिरीच्या काठाला लागतं. त्याच विहिरीचं पाणी सासूबाई अजून देवाला घालतात. तुमच्या आजोबांच्या म्हशींबद्दल आदर आहे, विहिरीबद्दल थोडा तुम्हीही दाखवा.

गवळीपुरा

ताई, देवाले घाला, पिऊ नका. मी प्यायला सांगितलं का?

महालची ताई

वा! म्हणजे विहीर तुम्ही घाण करायची आणि न पिण्याची जबाबदारी माझी. हेच तर ते कोराडीवाले म्हणतात ना लकडगंजकरांना?

धरमपेठी तर्री

ताई, शंभर टक्के. आता यांना उत्तर सुचणार नाही.

गवळीपुरा

तुमाले मधात बोलायचं काम नाही. तुमच्या धुतलेल्या फरशीवर काय सांडलं होतं थे सांगा पहिले.

धागा सांभाळणारा

दूध आणि गोठे यासाठी वेगळा धागा काढा, कृपया. मूळ विषय पाणीस्रोत.

म्हाळगीनगर

वेगळा कशाला, इथेच चालू द्या. मला फक्त विचारायचं होतं, म्हशीचं दूध सध्या कुठे काय भावाने मिळतंय? आमचा गवळी पाणी मिसळतो. (तेही कन्हानचं असेल.)

निवृत्त ओव्हरसिअर

पाणीपुरवठ्यात नोकरी केली, म्हणून राहवत नाही.

गोठ्यावर एवढी भांडणं, पण नाल्याचं पाणी तुमच्या पेल्यात कसं येतं ते कोणी बोललं नाही. टुल्लू पंप! नळाच्या लाइनला पंप लावला की लाइनमधला दाब उलटा होतो. गळका जोड नाल्यालगत असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मग तक्रार येते, "नळाला वास मारतोय." आम्ही खोदायचो. जोडाच्या खाली काळा चिखल, त्यात कोणीतरी गुंडाळलेला सायकलचा ट्यूब, आणि दोन घरं सोडून पंप घुरघुरतोय. पंपवाला दार उघडायचा नाही. केंद्रातून निघालेलं पाणी चोख, घरात पोचलेलं घाण. हे तुमच्या खोऱ्याच्या धोरणात कुठे बसतं, लकडगंजकर?

तरी तुमचं एक बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. १९९३ चा भूजल कायदा आमच्या काळातला. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर नको, हे त्यात होतं. पण ते पाणी *आटू* नये म्हणून. त्या ५०० मीटरमध्ये विहीर खोदायची नाही, उकिरडा घातला तर चालेल, असा प्रकार. गावोगावी पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी उकिरडे मी पाहिलेत.

सावनेरचा संत्रेवाला

राजेहो, शहरात बसून पट्टे आखून राहिले तुमी. पट्टा कोनाच्या वावरातून जाईन?

माझा बगीचा नदीच्या वरच्या अंगाले. उद्या म्हनान की इथं युरिया नको, फवारनी नको, काहून की खाली नागपूरवाले पानी पेतेत. ठीक. झाडाले काय टाकू? आन् उतारा पडला तर थो कोन भरून देईन? संत्र्याचा भाव कोसळते तेव्हा कोनी लकडगंजातून येत नाही इचारायले.

नायट्रेटचं म्हनान तर आमीच पहिले पेतो थे. गावच्या विहिरीचं पानी तपासलं होतं, ४५ च्या वर निघालं. लिटरमागं ४५ मिलिग्रॅमची हद्द हाय मने. तवापासून लहान पोट्ट्यांसाठी क्यान आनतो. म्हंजे मले कळत नाही असं नाही. पन खान खोदनाऱ्याले मोकळं आन् झाडाले खत घालनाऱ्याले नोटीस, हे जमनार नाही. पैशे द्या, खत कमी करतो. लेखी द्या.

लकडगंजकर

ओव्हरसिअर काका, टुल्लू पंप हा वितरणाचा प्रश्न आहे, स्रोताचा नाही. दोन्ही हवेत. पण पंप लावणारा निदान स्वतःच्या गल्लीपुरतं घाण करतो.

संत्रेवाले भाऊ, मी खतावर बंदी कुठे म्हटलं? राख आणि कोळसा म्हटलं. तरी भरपाईचं घ्या लिहून, मला मान्य. खालच्याने पाणी प्यायचं असेल तर वरच्याला काहीतरी द्यावं लागेल. पाणीपट्टीत वाढवा हवं तर.

धरमपेठी तर्री

बघा, आली पाणीपट्टी. मी काल काय म्हणालो होतो? धोरण म्हणजे पावती.

पवनीकर

मी कधीचा वाचून राहिलो. सगळे आपापला नळ सांगून राहिले जी.

गोठ्याचं शेण, तुमचे संडास, तुमच्या लग्नाच्या हॉलचं खरकटं, हे सगळं नाग नदीत जाते ना? नाग नागपूरच्या पिण्यात येत नाही. ती कन्हानला मिळते, पन तुमच्या पंपाच्या *खाली*. मग आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत. म्हंजे तुमी वरून साफ पानी उचलता आन् खालून घाण सोडता. तुमची गरज भागली.

पुढे काय तर गोसेखुर्द. १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा म्हटले शेतीला पानी. धरण भरलं, पानी अडलं. पहिले नदी वाहत होती तर घाण निघून तरी जायची. आता ती बॅकवॉटरमध्ये थांबते, थेट भंडाऱ्याकडे फुगते. उन्हाळ्यात काठाला हिरवा साय आन् वास. आमच्या ढिवर लोकांच्या जाळ्याला काळा चिकटा लागते, हात धुतले तरी खाजवते. माझा मामा मासेमारी सोडून नागपूरला वॉचमन झाला. तिथं तुमच्याच बिल्डिंगीत बसते, जिथून हे सगळं खाली येते.

तुमी आंभोऱ्याच्या पुलावर येता, फोटो काढता, वडे खाता. पुलावरून खाली पाहता का जी?

म्हाळगीनगर

भावा, भांडेवाडीला सांडपाण्याचं शुद्धीकरण होतं ना. ते पाणी कोराडीला देतात. नाग नदीचा १,९०० कोटींच्या वरचा प्रकल्प मंजूर आहे.

पवनीकर

मंजूर हाय. मंजूर पानी पेता येते का?

आन् तुमचं पानी कोराडीला जाते म्हणता. कोराडीची राख कन्हानमध्ये येते, हे वर लिहिलेलंच हाय. म्हंजे तुमची घाण साफ होऊन वीज केंद्रात, वीज केंद्राची राख तुमच्या पेल्यात, आन् उरलेलं सगळं आमच्याकडे. धोरण कशाला पाहिजे, चक्र तर मस्त चालू हाय.

धरमपेठी तर्री

इतकं पेटायचं काही कारण नाही. नागपूर वाढलं म्हणूनच तुमच्या मामांना नोकरी मिळाली.

पवनीकर

माझ्या मामाला नोकरी होती. नदी होती.

महालची ताई

तर्री, हे वाक्य मागे घ्या. वाद घाला, पण असं नाही.

धरमपेठी तर्री

नोकरीबद्दलचं मागे घेतो. धोरणाबद्दलचं नाही. आणि पवनीकर, उलट तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. लकडगंजकरांचा पट्टा पंपाच्या वर आहे, म्हणजे त्यांचं धोरण फक्त त्यांच्या पाण्याचं रक्षण करणार. तुमच्याबद्दल त्यांनीही एक ओळ लिहिली नव्हती.

लकडगंजकर

"खोऱ्याने ठरवा" लिहिलं होतं. वाचा. पण ठीक, पंपाखालचं स्पष्ट लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल तर घ्या, लिहितो: नाग आणि पिली या नद्या जिथे जिथे खाली मिळतात तिथलं पाणी तपासायचं, आणि तपासणीचे आकडे भंडारा जिल्हा परिषदेलाही जायचे. झालं समाधान?

निवृत्त ओव्हरसिअर

आकडे जाऊन काय होतं? आकड्यांच्या फाइली मी कपाटात पाहिल्यात. आकडा हद्दीच्या वर गेला तर कोणाच्या खिशातून पैसे जाणार, ते आधी लिहा. वरच्याने खालच्याला पैसे द्यायचे की नाही? संत्रेवाल्याला खत कमी करायचे पैसे मिळणार असतील तर पवनीला घाण सोसायचे का नाही?

सावनेरचा संत्रेवाला

हे बरोबर बोलले काका. नागपूर दोन्हीकडून भरन.

धरमपेठी तर्री

नागपूर म्हणजे कोण? मी.

गवळीपुरा

तुमी एकटे नाही, मी बी भरतो पाणीपट्टी. फक्त जागा द्या म्हनलं. भंडारा रोडले द्या, नाहीतर उमरेड रोडले.

पवनीकर

भंडारा रोडला नका देऊ जी.