शब्दचर्चा : आशा, खंडणी, विसार (दुःखाच्या घरी वाचताना)

प्रश्न

ख्रिस्ती मंडळीतर्फे (आमच्या चर्चतर्फे) आजारी माणसांना आणि नुकतंच कोणी गेलेल्या घरांना भेटी देणाऱ्या गटात मी आहे. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, उतारा वाचायचं काम बहुतेकदा माझ्याकडे येतं आणि काही शब्दांपाशी मी दर वेळी अडखळते.

'आशा' हा त्यातला पहिला. रोजच्या बोलण्यात 'आशा आहे' म्हणजे 'झालं तर बरं'. डॉक्टरांनी 'आता आशा नाही' असं सांगितलेल्या घरात हाच शब्द मोठ्याने वाचायचा, तर ऐकणाऱ्याने तो कसा घ्यावा? दुसरा 'खंडणी'. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो, असं काही मराठी आवृत्त्यांत आहे. आजच्या कानाला त्यात अपहरण आणि गुंड ऐकू येतात. आणि तिसरं, तारण म्हणजे देवाने वाचवणं, तर 'तारणाची खात्री' म्हणजे नेमकी कशाची खात्री? बरं होण्याची? अर्थ सांगावा, आणि वाचताना चालतील असे दुसरे शब्द असतील तर तेही.

उत्तर

ताई, 'आशा' या नामापेक्षा त्याच्यासोबत येणारी क्रियापदं पाहा. आशा वाटते, आशा लागते, आशा सुटते, आणि आशा धरतात. वाटणं आपल्या हातात नसतं, धरणं असतं. मराठी बायबलमध्ये हे 'आशा धरणे' पुन्हा पुन्हा येतं. यशया ४०:३१ मधलं हिब्रू क्रियापद 'कावा' म्हणजे वाट पाहणं. मराठीत तिथे 'परमेश्वराची आशा धरून राहणारे' असं आहे. वाट पाहणंही आलं आणि घट्ट धरणंही. मला हे भाषांतर फार आवडतं. याच धातूशी जोडलेलं नाम 'तिक्वा', म्हणजे आशा. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात इस्राएली हेरांना लपवणारी राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथे दोरीसाठीही हेच रूप आलं आहे.

नव्या करारातला ग्रीक शब्द 'एल्पिस'. साध्या ग्रीकमध्ये तो पुढे घडणाऱ्या गोष्टीच्या अपेक्षेसाठी वापरत, मग ती गोष्ट चांगली असो की वाईट. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या पौलाच्या लेखनात ती अपेक्षा देवाच्या वचनावर टेकलेली आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो स्पष्टच लिहितो की डोळ्यांना दिसते त्या गोष्टीची आशा कोणी कशाला धरील? म्हणजे तपासणीचा अहवाल वाईट आला म्हणून ही आशा खोटी ठरत नाही, आणि चांगला आला म्हणून खरीही ठरत नाही. ती अहवालावर उभीच नाही.

मराठीत या शब्दावर आणखी एक ओझं आहे. संतवाङ्मयात आशा म्हणजे हाव, समूळ सोडायची गोष्ट. 'आशा-तृष्णा' ही जोडी आणि 'आशाळभूत' हा शब्द त्याच अर्थाचे. म्हणून काही श्रोत्यांना 'आशा धरा' हे आसक्तीसारखं ऐकू येणं अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी रोमकरांस ५:५ जोडून वाचा. तिथली आशा 'लाजवत नाही'. आपल्या बोलीत सांगायचं तर ती माणसाला तोंडघशी पाडत नाही.

दुसरं उत्तर

'खंडणी'बद्दल. मराठेशाहीच्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे मांडलिकाकडून किंवा एखाद्या शहराकडून ठरवून घेतलेली रक्कम. आज उरला तो धमकावून पैसे उकळण्याचा अर्थ. दोन्हींत लक्ष घेणाऱ्याकडे जातं. मार्कमधला ग्रीक शब्द 'लुत्रोन' युद्धकैदी किंवा गुलाम सोडवण्यासाठी मोजलेल्या किमतीला वापरत. त्यात लक्ष सुटणाऱ्याकडे आहे.

हा फरक साधा नाही. 'खंडणी' म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : ती दिली कोणाला? जुन्या काळीही हा प्रश्न पडला होता. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने ती सैतानाला दिली गेली अशा अंगाने मांडणी केली. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मगुरूने ती कल्पना संतापून नाकारली, कारण मग लुटारूला देवाकडून मोबदला मिळाला असं होईल. शुभवर्तमान स्वतः घेणाऱ्याचं नाव घेत नाही. दुःखी घरात तो वाद उघडू नये. १ तीमथ्य २:६ मध्ये 'मुक्तीचे मोल' असा शब्दप्रयोग आहे. वाचताना तोच वापरावा असं माझं मत आहे.

पण माझ्या मते सगळ्यांत अस्सल मराठी शब्द 'सोडवणे'. गहाण पडलेली जमीन सोडवतात, अडकलेल्या माणसाला सोडवतात. हिब्रू 'गाअल' अगदी हेच आहे. लेवीयच्या २५ व्या अध्यायात नियम आहे की भाऊबंदाला गरिबीमुळे वतन विकावं लागलं तर जवळच्या आप्ताने ते सोडवावं, आणि तो स्वतःच विकला गेला तर त्याला सोडवावं. असं सोडवणाऱ्या आप्ताला 'गोएल' म्हणतात. रूथच्या गोष्टीत बवाज हे काम करतो.

आता ईयोब १९:२५ पाहा. मराठीत तिथे 'उद्धारक' आहे. शब्द भारदस्त आहे, पण त्यातून नातं गळून गेलं. शिवाय बोलीत 'सात पिढ्यांचा उद्धार केला' म्हणजे शिव्या घातल्या, तेही कुठेतरी कानात असतंच. मुळात ईयोब 'माझा गोएल जिवंत आहे' असं म्हणतो. मुलं गेलेली, अंग सडलेलं, मित्र त्यालाच दोषी ठरवताहेत, आणि तो म्हणतो की मला सोडवण्याचा हक्क आणि जबाबदारी ज्याची आहे असा माझा कोणीतरी आहे. 'माझं हे का झालं' याचं उत्तर त्याला पुस्तक संपेपर्यंत मिळत नाही. ही सुटका कारण समजण्यावर थांबलेली नाही.

एक पुरवणी

'मुक्ती' या शब्दाबद्दल थोडं. मराठी कानाला मुक्ती म्हणजे देहातून सुटणं, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं. रोमकरांस ८:२३ मध्ये पौल देहापासून नव्हे, देहाच्याच मुक्तीची वाट पाहतो. रोगाने पोखरलेल्या माणसाला हा फरक आवर्जून सांगा. त्याचं हे शरीर टाकाऊ नाही, पुनरुत्थानात त्याचाही वाटा आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या कामाला 'मुक्ती' हेच नाव दिलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणि स्त्रियांना तिथे आसरा दिला. त्या मुक्तीत अन्न, निवारा आणि शिक्षणही होतं.

उत्तर

'खात्री'विषयी. मी कॅथलिक आहे, त्यामुळे हा शब्द जरा जपून वापरतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये असं ठरवलं की देवाने विशेष रीतीने प्रकट केल्याशिवाय कोणी स्वतःच्या अंतिम तारणाबद्दल निःसंशय खात्री सांगू नये. आमच्याकडे आशा हा सद्गुण आहे, आणि मध्ययुगातला आमचा मोठा धर्मपंडित थॉमस अक्वायनस त्याविरुद्धची दोन पापं सांगतो : निराश होणं आणि देवाला गृहीत धरणं. म्हणून मला 'भरवसा' अधिक बरा वाटतो. खात्री गोष्टीची करून घेतात, भरवसा माणसावर ठेवतात.

त्यावर

दादा, हा फरक मोलाचा आहे. इब्री ११:१ मध्ये दोन्ही शब्द आले आहेत : आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. आम्ही प्रोटेस्टंट 'तारणाची खात्री' असं ठामपणे म्हणतो. पण सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराचा (प्रोटेस्टंटांनी आपला विश्वास लिहून ठेवलेल्या दस्तऐवजाचा) १८ वा अध्याय पाहिला तर तिथेही लिहिलं आहे की खऱ्या विश्वासणाऱ्याला ही खात्री मिळायला बराच काळ झगडावं लागू शकतं, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. आजाऱ्याला आज काहीच वाटत नसेल, प्रार्थना कोरडी जात असेल, तर त्यावरून त्याचं तारण मोजायचं नाही. त्याला हे सांगण्यात तुमचं-आमचं दुमत होणार नाही.

आणि इथे 'विसार' हा शब्द हवाच. २ करिंथ १:२२ आणि इफिस १:१४ या दोन्ही ठिकाणी मराठीत पवित्र आत्म्याला विसार म्हटलं आहे. जमिनीच्या व्यवहारात विसारपावती करणाऱ्याला हा शब्द समजावावा लागत नाही. ग्रीकमध्ये 'अर्राबोन', तोही व्यापाऱ्यांच्या तोंडून सेमिटिक भाषांतून आलेला. आजच्या ग्रीकमध्ये त्यापासून आलेल्या शब्दाचा अर्थ साखरपुडा.

'तारण' आणि 'विसार' यांतला व्यवहारातला फरक पाहा. कर्जासाठी तारण ठेवलेली वस्तू व्यवहार मिटला की परत जाते. विसार परत जात नाही. तो किमतीतच धरला जातो, कारण तो त्या किमतीचाच पहिला भाग असतो. म्हणजे आत्म्याने दुःखात दिलेला दिलासा ही मूळ गोष्ट येईपर्यंतची तात्पुरती समजूत नाही. जे पूर्ण मिळणार आहे त्याचाच तो थोडा भाग आहे. आणि विसार देणारा देव आहे, आपण नाही. खात्री कशाची, या ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच : देणाऱ्याने हात गुंतवला आहे, याची. बाकी मोठी आहे, ती अजून यायची आहे, आणि म्हणूनच विश्वासणाराही कण्हतो. रोमकरांस पत्राच्या त्याच आठव्या अध्यायात सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही शब्दांवाचून कण्हतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे बरं होण्याची खात्री देऊ नये, असं समजू ना? लोक यिर्मया २९:११ मागतात, 'भावी सुस्थितीची आशा'. आणि दुसरं, स्तोत्र ८८ वाचावं का? त्याचा शेवट अंधारात होतो म्हणून काहीजण नको म्हणतात.

उत्तर

बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, वचन मात्र देऊ नका. यिर्मया वाचा, पण दहावं वचन सोडू नका. तिथे सत्तर वर्षं सांगितली आहेत. ते पत्र बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं आहे आणि ते ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्यांना परतीची वाट दिसणार नव्हती. तरी त्यांना आशा दिली गेली, आणि ती घरं बांधा, बागा लावा या सूचनेसह दिली गेली. दहावं वचन सोबत असलं की अकरावं आजाऱ्याला फसवत नाही.

स्तोत्र ८८ अवश्य वाचा. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. पण पहिल्या ओळीत त्या माणसाने देवाला आपल्या तारणाचा देव म्हटलं आहे आणि पुढची सगळी तक्रार त्यालाच सांगितली आहे. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातही असंच होतं. १८ व्या वचनात 'माझी आशा गेली', २१ व्यात 'म्हणून मला आशा आहे', आणि हिब्रूत दोन्हीकडे धातू एकच. मधल्या दोन वचनांत परिस्थिती बदललेली नाही. तो आपलं क्लेश आठवतो, जीव खचतो, आणि मग परमेश्वराची दया मनात आणतो.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. स्तोत्र संपलं की लगेच दुसरा आनंदी उतारा जोडू नका, घरच्यांना काही बोलायचं असेल तर बोलू द्या. आणि अंत्यविधीला १ थेस्सलनीका ४:१३ घेणार असाल तर 'आशा नसलेल्या इतरांसारखा' यातल्या 'सारखा'वर आवाज द्या. तो शब्द गिळला गेला की 'खेद करू नका' एवढंच ऐकू येतं, आणि रडणाऱ्या माणसाला आपलं रडणंच चुकलं असं वाटतं. पौलाने खेदाला मनाई केलेली नाही.