उत्तर: उत्तर: मंडळातला तो पांढरा दिवा कुणाकडे आहे?

प्रेषक: थाटीपूरच्या मामी
टोरांटोच्या भाच्यानं मंडळात ठेवलेला, हिवाळ्यातल्या उदासीवरचा तो प्रखर दिवा सध्या कुणाकडे आहे? धुकं पडायला लागल्यापासून आमचे भावजी पुन्हा गप्प झालेत. दहा वाजेपर्यंत रजईतून निघत नाहीत, मग गजकचा डबा तेवढा संपवतात. दर हिवाळ्यात हेच, होळीच्या सुमारास आपोआप खुलतात. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सकाळी उजेडात बसायला सांगितलंय. उद्यापासूनच हवा आहे. ११० व्होल्टचा असेल तर ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेल?

प्रेषक: ग्रंथालय
दिवा ग्रंथालयाच्या कपाटातला आहे, तेव्हा आधी वहीत सही. गणपतीत सांस्कृतिक विभागानं नेला होता. परत आल्याची नोंद नाही.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग
नोंद नाही म्हणजे दिवा नाही असं नव्हे. मेकअपच्या आरशापाशी लावला, सगळे चेहरे भुतासारखे दिसले, दुसऱ्याच दिवशी परत ठेवला. वही कोण लिहितं ते आम्ही विचारत नाही.

प्रेषक: मुरारचे काका
ग्वाल्हेर २६ अंशांवर आहे, नॉर्वेत नाही! डिसेंबरातही साडेदहा तासांचा दिवस असतो. गच्चीवर बसवा, ड जीवनसत्त्वही मिळेल. व्होल्टचं मात्र सांभाळा. बहिणीनं शिकागोहून आणलेला राइस कुकर जावईबापूंनी थेट सॉकेटला लावला, खिचडीच्या आधी धूर निघाला.

प्रेषक: लष्कर भागातल्या डॉक्टरताई
काका, गच्चीचं पटलं, जीवनसत्त्वाचं नाही. हा उपचार डोळ्यांवाटे चालतो. चांगल्या दिव्यात अतिनील किरण गाळलेले असतात, त्यानं ड जीवनसत्त्व मिळत नाही. ढगाळ दिवशीही बाहेर हजारांत लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, घरातल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम काहीशे. पण या गारठ्यात भावजी गच्ची चढणार आहेत का?
नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या ऋतुमानाच्या नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हा उपचार चालत आलाय. १०,००० लक्सचा दिवा, उठल्या उठल्या अर्धा तास. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावायची नाही. पेपर वाचू देत. संध्याकाळी नको, झोप उडते. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात.
मामी, भावजींना मधुमेह आहे ना? आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. आणि मागे कधी झोपेशिवाय धावपळ, अफाट बोलणं, उधळपट्टी असा काळ येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरू करू नका. काही जणांत उन्मादाचा झटका येऊ शकतो.

प्रेषक: टोरांटोचा भाचा
ट्रान्सफॉर्मर नको! अ‍ॅडाप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, फक्त पिन बदलणारा सॉकेट घ्या. अंतर पाळा मात्र. खोक्यावर छापलंय तेवढ्याच अंतरावर १०,००० लक्स मिळतात, मागे सरकवलात की झपाट्यानं उतरतात. मी कॉफी पिताना टेबलावरच ठेवायचो.

प्रेषक: मुरारचे काका
जावईबापूंच्या कुकरवरही काहीतरी लिहिलेलंच होतं.

प्रेषक: ग्रंथालय
दिवा कपाटात सापडला, दिवाळी अंकांच्या मागे. अ‍ॅडाप्टर नाही.

प्रेषक: सांस्कृतिक विभाग
कीबोर्डच्या पिशवीत एक काळा अ‍ॅडाप्टर जास्तीचा आहे. तो मंडळाचाच समजत होतो.

प्रेषक: थाटीपूरच्या मामी
सही करायला आत्ताच निघतेय. कीबोर्ड कुणाच्या घरी आहे ते कळवा, येताना तिथूनच नेते. भावजींच्या डोळ्यांची तपासणी दिवाळीआधी झालीय, त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करते.