जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क लॅपटॉपला कशी जोडू?

प्रश्न (डिचोली): बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. आतली ३.५ इंची साटा (SATA, डिस्क जोडायची एक पद्धत) डिस्क काढून ठेवलीय. तिच्यात आजोबांच्या भजनांचं रेकॉर्डिंग आहे, दुसरी प्रत कुठेच नाही. म्हापशाहून साटा-यूएसबी केबल आणली. लॅपटॉपची डिस्क तिच्यावर चालते, ही मात्र फिरतच नाही. गेली का ही?

उत्तर (फोंडा): ताई, घाबरू नका. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते, साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. लॅपटॉपची २.५ इंची डिस्क तेवढ्यावर चालते. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा पॉवर अडॅप्टर असलेली केबल घ्या. आणि विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ (म्हणजे डिस्क पुसून कोरी करू का) विचारलं तर नाहीच म्हणा, कितीदाही विचारो.

उत्तर (मडगाव): डिस्क लाकडी पाटावर आडवी ठेवा, फिरताना हलवू नका. टकटक आवाज आला तर लगेच बंद करा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका.

प्रश्नकर्ती: फिरली! आजोबांचा आवाज ऐकून आई रडली. आधी सगळं दोन ठिकाणी कॉपी करतेय, मग बाकीचं. दोघांचेही मनापासून आभार.