बाबांच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक: वारसांनी आता काय करायचं?

नमस्कार मंडळी,

मी डोंबिवलीत राहतो, गाव कुडाळ तालुक्यात. बाबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा शस्त्र परवाना होता आणि त्यावर एक ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावातल्या बाकी सगळ्यांबरोबर त्यांनीही ती पोलीस ठाण्यात जमा केली. निकालानंतर परत मिळते, पण तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते. आणायला कोणी गेलं नाही आणि पुढे ते वारले. जमा केल्याची पावती आहे, मूळ परवाना आहे, त्याची मुदतही संपलेली नाही. बंदूक अजून ठाण्यातच आहे.

घरी आई एकटी. थोडी काजू, भाताचे दोन कुणगे, मागे माड आणि केळी. जमीन चुलतभाऊ कसतो. सातबारा आजोबांपासून सामाईक, वाटण्या झालेल्या नाहीत (कोकणातल्यांना हे वेगळं सांगायला नको). एक बहीण आहे, ती लग्न होऊन म्हापशाला.

बंदुकीवरून घरात तीन मतं आहेत. चुलतभावाला ती हवी आहे, कारण माकडं आणि रानडुकरं काही ठेवत नाहीत. काकांचं म्हणणं, "घरात बंदूक आसा म्हटल्यार चोर पाऊल टाकूचो नाय," म्हणून ती आईजवळ असावी. आई म्हणते, माका ती पिडा नको. मला स्वतःला ती घरात नसावी असं वाटतं, पण शेतीचं नुकसान डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे भावाला सरळ नाही म्हणवत नाही.

बाबांच्या परवान्यावर भाऊ बंदूक सोडवून आणू शकतो का? वारस म्हणून परवाना कोणाच्या नावावर होतो? आणि काकांच्या मुद्द्यात कितपत तथ्य आहे? कोणी या चक्रातून गेलं असेल तर सांगा.

*

वकीलतात्या:

पहिलं उत्तर: नाही. परवाना माणसाला असतो, बंदुकीला किंवा घराला नाही. वडील गेले तिथे तो परवाना संपला, कागदावर मुदत कितीही शिल्लक असो. त्या कागदावर भावाने बंदूक उचलली तर ती विनापरवाना शस्त्र बाळगणं ठरतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. "वडिलांचीच होती साहेब" हे तिथे ऐकून घेत नाहीत.

तुमच्या बाबतीत बरं एवढंच की बंदूक घरात नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार परवानाधारक वारल्यावर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं, ते तुमचं आपोआप झालंय. पण त्याच कलमात पुढे आहे की ठरलेल्या मुदतीत वारसांनी ते कायदेशीरपणे सोडवलं नाही किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा होतं. तेव्हा आधी मृत्यूचा दाखला जोडून ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या: परवानाधारक मयत, आम्ही वारस, निर्णय होईपर्यंत शस्त्र आपल्याकडेच सुरक्षित ठेवावं. पोच घ्या. बाकीचं नंतर.

शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांसाठी वेगळा नियम आहे. मयताच्या वारसाला परवाना देता येतो, इतर वारसांचं ना हरकत लागतं. (हयातीतही करता येतं. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. ज्यांचे वडील अजून धडधाकट आहेत त्यांनी हे आत्ताच बघून ठेवा.) तुमच्या घरात आई, तुम्ही आणि बहीण वारस. चुलतभाऊ त्यात बसत नाही.

*

माडाखालचा:

भाऊ, परवाना सोडू नका! एकदा गेला की गेला. आमच्याकडे काकांचा परवाना असाच वाऱ्यावर गेला, आता नवीन मागायला गेलं की शंभर प्रश्न. तुम्ही स्वतःच्या नावावर करून घ्या आणि बंदूक गावात ठेवा. वापरेल भाऊ. कोण बघायला येतंय?

*

वकीलतात्या:

@माडाखालचा, असलेच सल्ले माणसाला कोर्टात उभं करतात. धागाकर्ते डोंबिवलीत राहतात, त्यांच्यासाठी परवाना प्राधिकारी ठाणे शहराचे पोलीस आयुक्त, सिंधुदुर्गचे जिल्हाधिकारी नव्हेत. शेतीसंरक्षणाच्या परवान्याला शेती हवी, आणि कसणारा माणूस तिथे हवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कोणत्या पिकाचं संरक्षण दाखवायचं? शिवाय एकाच्या परवान्यावरची बंदूक दुसऱ्याने चालवली तर दोघेही अडकतात.

सरळ वाट अशी आहे. भावाने स्वतःच्या नावाने नवीन अर्ज करावा. सातबाऱ्यावर त्याचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव असणारच. परवाना मिळाला की हीच बंदूक वारसांनी त्याला विकावी, कलम २१ त्याला मोकळीक देतं. पिस्तुलासाठी "सबळ कारण" पटवून द्यावं लागतं, तसं इथे नाही. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. अर्जदारावर गुन्हे वगैरे काही आडवं येत नसेल तर परवाना द्यावा, असा त्या कलमाचा रोख आहे. नाकारला तर कारणं लेखी मागा आणि अपील करा. पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो, त्यानंतर ६० दिवसांत निर्णय. हे झालं नियमातलं. टेबलावरचं कॅलेंडर वेगळं असतं.

*

सुरंगी:

आमच्याकडे ठासणी आहे म्हणून काकांच्या मुद्द्यावर बोलते. दारू घाला, गज मारून ठासा, छर्रे घाला, वर चिंधी, मग केप लावा. पावसाळ्यात दारू सर्दावते ती वेगळीच. रात्री दोन वाजता दार वाजल्यावर तुमची आई हे करत बसणार आहे का? भरून ठेवायची म्हटलं तर उद्या सुट्टीत आलेली नातवंडं काय करतील याचा विचार करा. चोराला धाक बसत असेलही, पण बंदूक आणि एकटी म्हातारी एवढं कळलं तर चोर बंदुकीसाठीच यायचा.

आईसाठी पडवीत आणि खळ्यात दिवे, मागच्या दाराला चांगला अडसर, एखादा कॅमेरा आणि शेजारच्या दोन घरांशी फोनचा नेम. आणि कुत्रा. आमच्या वाडीत तरी आजवर चोर कुत्र्यालाच घाबरलेत.

*

वकीलतात्या:

सुरंगीताईंनी व्यवहार सांगितला, मी कायदा सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क बंदुकीच्या परवान्यातून येत नाही. भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि हातात कोयता असो की बंदूक, मोजमाप तेच. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क चालत नाही. जिवावर बेतण्याची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही हक्क पोहोचतो, रात्रीच्या घरफोडीचाही त्यात उल्लेख आहे. पण केळीचा घड घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातलेत तर आरोपी तुम्ही.

*

माडाखालचा:

ठीक आहे, मागे घेतो. पण एक सांगा, ऐन शेतीच्या दिवसांत निवडणूक लागली की सरसकट सगळ्या बंदुका जमा. लोकसभा, विधानसभा, मग जिल्हा परिषद. ठासणीने कोण बूथ लुटतंय? माकडांना आचारसंहिता नसते.

*

वकीलतात्या:

इथे मात्र तुमची बाजू घेतो. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करायला हरकत घेतलेली आहे. जिल्ह्यात छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करून (जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले) कोणाकडून घ्यायची ते ठरवावं, असं निवडणूक आयोगाच्याच सूचनांमध्ये आहे. सूट मागणारा अर्ज निवडणूक जाहीर झाल्या झाल्या द्यायचा. नोटीस आल्यावर जमा करायच्या रांगेत भांडून उपयोग नसतो.

आणि भावाला हेही सांगा की परवाना मिळाला म्हणून प्राणी मारायची मुभा मिळत नाही. पिकात आलेल्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. गवा तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, त्याच्यावर छर्रा उडाला की थेट जेल. हवेत बार काढून हाकलणं एवढाच बंदुकीचा रोजचा उपयोग. नुकसान झालं की पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्यायचा, तो कंटाळा बहुतेक जण करतात.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. रात्री भावाशी फोनवर सविस्तर बोललो. परवान्याचा अर्ज तो स्वतःच्या नावाने करणार आहे. मिळाला तर बंदूक त्याची, त्याच्या घरात आणि त्याच्या जबाबदारीवर. नाही मिळाला तर परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकू. हवेतच बार काढायचा तर फटाके काय वाईट, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, फटाक्यांना माकडं आता ओळखतात. त्यापुढे मी बोललो नाही.

आई खूश आहे. काका नाहीत, पण मागच्या दाराचा अडसर बदलायला सुतार त्यांनीच बघून दिला.

ठाण्यात द्यायचा अर्ज लिहून झालाय, ओरोसला, जिल्हाधिकारी कार्यालयात, पुढच्या आठवड्यात जातोय. एकच अडलंय: बहिणीचं ना हरकत शपथपत्र तिने म्हापशातच नोटरीकडे केलं तर इथे चालतं, की तिला कुडाळला यावं लागेल? तिला नोकरीतून सुट्टी मिळणं कठीण आहे. सिंधुदुर्गात कोणी अलीकडे असं प्रकरण केलं असेल तर कृपया सांगा.